शेगडीचा काय दोष?

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. पोटाला गंज चढलाय, एक पाय आखूड आहे आणि स्वभाव थोडा तापट आहे. शेगडीला तो शोभतोच.

पनवेलच्या काशिराम लोहाराने एका जुन्या पिंपाच्या पत्र्यातून मला घडवलं. उरणच्या धर्मराजने मला विकत घेतलं आणि थेट आपल्या होडीवर नेलं. जाळ्यातून नुकताच निघालेला बांगडा माझ्यावर भाजून खलाशांना वाढायचा, हे त्याचं आवडतं काम. त्यांच्यात, म्हणजे कोळ्यांत, घरातली चूल बायकांची, पण होडीवरची शेगडी पुरुषांची. धर्मराज कोळसा निवडायला बसला की बघत राहावं. एक तुकडा दुसऱ्यावर वाजवून बघायचा. टणटण वाजला तर सुका, बद्द वाजला तर ओला. तेव्हा मला फार मान होता.

पुढे त्याचे हात कापू लागले. होडी विकावी लागली. नव्वद सालच्या सुमारास तो आणि त्याची बायको गुणाबाई आपल्या मुलाकडे, कुंदनकडे, पनवेलला राहायला आले. होडीवरच्या सामानातली फक्त मी सोबत आले. गुणाबाईने पळस्पे फाट्यावर भाजलेल्या मासळीची गाडी लावली. धर्मराज मागे स्टुलावर बसून राहायचा. ना कुणाशी बोलायचा, ना मासळीला तोंड लावायचा.

"एक तुकडा तरी खा वो," गुणाबाई रोज म्हणायची.

"मना नको," एवढंच तो म्हणायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

गाडी मात्र चांगली चालली. गोव्याकडे जाणारे ड्रायव्हर मुद्दाम थांबत. मग आईचे कष्ट वाचावेत म्हणून कुंदनने कोळशाच्या तयार गोळ्यांचं पोतं आणलं. सगळे गोळे एकसारखे, गुळगुळीत, लाडवांसारखे. गुणाबाई हरखली. पण त्या दिवसापासून लोक मासळी अर्धी टाकून उठू लागले. तिने मसाला बदलला, मासेवाली बदलली. शेवटी सगळा राग निघाला माझ्यावर.

"ही शेगरीच कुजलीय. उद्या भंगारात टाक," ती कुंदनला म्हणाली.

इतकी वर्षं जळून हे फळ! मला रडू आलं असतं, पण शेगडीला रडायची सोय नाही.

तेवढ्यात धर्मराज उठला. कापऱ्या हाताने त्याने एक गोळा उचलला, दगडावर फोडला आणि हुंगला. मग दुसरा गोळा एकटाच पेटवला. पिवळट, घशात बसणारा धूर निघाला.

"शेगरीचा काय दोष? ह्यात दगरी कोलसा हाय. ह्याच्यावर लोखंड तापवावं, मासली नाय."

"मग तुमी इतके दिस बोललाव का नाय?"

"इचारलंस कवा?"

कोळसा हे त्याचं काम, हे गुणाबाईला ठाऊक होतं. पण पनवेलला आल्यापासून तिने त्याला बसवूनच ठेवलं होतं. मायेनेच, पण बसवूनच.

मग धर्मराजने लाकडी कोळशाचा चुरा आणवला आणि भाताच्या पेजेत कालवून स्वतः गोळे वळले. हात कापत होते, म्हणून गोळे वेडेवाकडे झाले. ते कडकडीत वाळल्यावर माझ्यात पेटवले. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत त्याने कुणाला मासळी ठेवू दिली नाही. मग जाळीवर बांगडा ठेवला, निखाऱ्यांवर करवंटीचा तुकडा टाकला आणि धूर कोंडावा म्हणून वरून घमेलं पालथं घातलं. घमेलं उचलल्यावर जो वास सुटला, तो मी होडीनंतर पहिल्यांदाच घेत होते.

गुणाबाईने बांगडा गिऱ्हाइकासाठी पानावर घेतला.

"तो मना दे," धर्मराज म्हणाला.

त्याने तो काट्यापर्यंत खाल्ला. गुणाबाई डोळ्यांना पदर लावून धुराला शिव्या देत होती. धूर तर केव्हाच विरला होता.

मित्रांनो, एखादी वस्तू टाकून देण्याआधी तिच्या पोटात आपण काय घातलं, ते एकदा बघा. आणि तुमच्या घरी मागे स्टुलावर कुणी गप्प बसलं असेल, तर कोळसा कसा निवडायचा ते त्याला विचारा.