बुध एक मिलिमीटर सरकला

सुनेने बुध एक मिलिमीटर सरकवला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. घुमटाखालच्या अंधारात आता दोन बुध होते, मूळचा आणि सरकवलेला, पण एकमेकांवर इतके नेमके बसलेले की एकच दिसावा.

"सरकवलास?"

"सरकवला."

"मला तर काही दिसलं नाही."

"तेच तर म्हणतेय, बाबा. एवढ्याने काय होतंय?"

सासरे या तारांगणातले जुने यंत्रकार. दालनातली पितळी सूर्यमाला एकतीस वर्षं त्यांनीच फिरती ठेवली होती. सून संगणकातली सूर्यमाला घेऊन सहा महिन्यांच्या करारावर आली होती, आणि करार येत्या शुक्रवारी संपत होता. पंधरा दिवस दोघांचा वाद घरी जेवताना सुरू होई आणि तारांगणात पोचला तरी संपत नसे. त्यांचं म्हणणं, संगणक वेळेचे तुकडे पाडतो आणि ग्रहाला बेडकासारख्या उड्या मारायला लावतो. ग्रह कधी उड्या मारतात का? तिचं म्हणणं, चाकाला दात पूर्ण संख्येतच पाडावे लागतात. आकाशाला असली अट कुणी घातलेली नाही. तिचा नवरा तटस्थ होता. घरात गरम जेवण मिळणारा तो एकटाच.

दोन्ही बुध पुढे कुठे जातील याचं गणित चार दिवस चालू राहिलं. शुक्रवारी दुपारी तिने ते घुमटावर सोडलं. वर्षं धुक्यासारखी सरकू लागली. लाख, मग कोटी. रिकाम्या खुर्च्यांवरून, दोघांच्या हातांवरून ग्रहांचा मंद उजेड फिरत राहिला. बारा कोटींच्या आसपास बुधाला एक फिकट कड आली. त्या कडेतून दुसरा बुध बाहेर पडला आणि झोपेत चालणाऱ्या माणसासारखा भलतीकडे निघाला.



"यातला खरा कुठला?" सासऱ्यांनी हळू विचारलं.

"माहीत नाही." पंधरा दिवसांत ती हे पहिल्यांदाच म्हणत होती. "पण उद्याचा बुध मी बिनचूक सांगते."

संचालकांचा फॉर्म सासऱ्यांच्या मांडीवर होता. यंत्रणा अचूक असल्याचा ज्येष्ठ यंत्रकारांचा दाखला. त्यांची सही झाली की तिचं सहा महिन्यांचं काम मान्य होणार होतं. त्यांनी चष्मा चढवला, कागद उलटला आणि मागची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली : अचूक यंत्रणेस संगणकचालकाची आवश्यकता नसल्याने सदर पद आपोआप रद्द समजावे.

"हे वाचलंस?"

"वाचलं." ती खुर्चीच्या हातावरची नसलेली धूळ पुसत होती. "म्हणून काय यंत्रणा चुकते असं खोटं सांगू?"

त्यांनी 'अचूक' या शब्दावर रेघ मारली. वर लिहिलं, 'रोज सकाळी माणसाने पाहणे आवश्यक.' सही केली, तारीख टाकली.

"खोटं कशाला? माझ्या यंत्राच्या कागदावर एकतीस वर्षं हेच लिहितोय मी."

तिने कागद हातात घेतला. गणित थांबवायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. घुमटावर चौदावं कोटी लागलं होतं.