ताईच्या शिवणवर्गाचं निमंत्रण

ताईच्या शिवणवर्गाला महिनाअखेरपर्यंत पंधरा नावं हवी होती, नाहीतर वर्ग बंद करून खोली सोडायची वेळ येणार होती. मी म्हटलं, "मेलचं माझ्यावर सोड." हे वाक्य मी जिथे जिथे म्हटलंय, तिथे नंतर कोणीतरी निस्तरत बसलंय.

वर्गाच्या नावाने नवाकोरा पत्ता काढला आणि कुठून कुठून गोळा केलेल्या नऊ हजार लोकांना एका दुपारी मेल ठोकून दिला. विषय, 'शेवटची संधी'. पुढे चार उद्गारचिन्हं. उत्तर एकही नाही. सगळे मेल स्पॅममध्ये. मग त्या पत्त्यावरून ताईने जुन्या विद्यार्थिनींना पाठवलेले दोन ओळींचे निरोपही तिथेच जाऊन पडले.

कंपन्यांसाठी असे मेल पाठवण्याचंच काम करणाऱ्या माझ्या मित्राने कपाळाला हात लावला. "अरे, नव्या पत्त्याला ओळखतं कोण? ती यादी फेक. ओळखीच्यांना थोडे थोडे पाठव. लोक उघडतील, उत्तर देतील, मग मेल कंपन्यांचा हळूहळू विश्वास बसेल."

मी शहाण्यासारखे रोज वीस जणींना मेल पाठवू लागलो. माझी मेहनत दिसावी म्हणून रोज एक प्रत ताईलाही. तरी रोज एक तक्रार ठरलेली. कोणीतरी नेमाने मला स्पॅममध्ये ढकलत होतं. चौथ्या दिवशी मित्राने तक्रार करणारा पत्ता शोधून दिला. ताईचाच निघाला.

ती मशीनला तेल घालत होती. "हो, मीच," ती मान वर न करता म्हणाली. "खाली नाव माझं आणि बोलतोय कोणी भामटा. मी कधी कुणाला 'प्रिय ग्राहक' म्हटलंय?"

मला लाज वाटली. "मग तू सांग, मी लिहितो."

"लिही. मशीनला तेल घातलंय. ज्यांची बाही अर्धी राहिलीय त्यांनी ती घेऊन या. येणार असाल तर कळवा."

एवढंच गेलं. उत्तरं येऊ लागली. कोणी बाहीबद्दल लिहिलं, कोणी बहिणीला आणू का विचारलं. महिनाअखेर सतरा नावं झाली.

आनंदाच्या भरात मी त्याच पत्त्यावरून ताईला लांबलचक माफी लिहिली. दोन दिवस उत्तर नाही. शेवटी खोलीत जाऊन विचारलं. शिवता शिवताच तिने फोनवर स्पॅम उघडून दाखवलं. सगळ्यात वर मीच होतो.

"तोंडाने सांग ना," ती म्हणाली, आणि तिने मशीन थांबवलं.