पित्ताची गोळी

परदेशी जायचं म्हणजे सामानाचं वजन आलं, आणि आमच्या घरात वजन, कुलपं, चाव्या, औषधं ही सगळी खाती माझ्याकडे. म्हणून हे मला मॅनेजर म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान. भर पाहुण्यांत हाक मारतात, "मॅनेजर, माझा चष्मा कुठे गेला?" आणि पाहुणे हसतात. हसवणं हे मात्र ह्यांचं खातं. सगळी उमर फोटो स्टुडिओ चालवण्यात गेली. रडक्या पोराला नाहीतर रुसलेल्या नवरीला हसवल्याशिवाय ह्यांनी कधी कॅमेऱ्याचं बटण दाबलं नाही.

तर लेकीकडे निघताना औषधांची पिशवी मीच भरली. ह्यांची रक्तदाबाची गोळी, माझी गुडघ्याची, दोघांचे डोळ्यांत घालायचे थेंब. शेवटी राहिली ती काळी डबी. पूर्वी कॅमेऱ्याचे रोल यायचे ना, तसली. त्यात ह्यांच्या पित्ताच्या गोळ्या असतात, रोज सकाळी उपाशीपोटी एक. मी मनाशी म्हटलं, लेक तर सांगते की तिकडचं खाणं अगदीच सपक, मग पित्त व्हायचं कशानं? शिवाय घरातली निम्मी औषधं माणसं नुसत्या सवयीनं घेतात असं माझं ठाम मत आहे. डबी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. ह्यांना विचारलं नाही. मॅनेजर कुणाला विचारत बसत नाही.

लेकीच्या घरी पहिल्याच सकाळी ह्यांनी पिशवी उलटीपालटी केली.

"अगं, माझी डबी?"

"ठेवली घरी. इथे कुठे तिखट खायचंय तुम्हाला?"

ह्यांनी पिशवी पुन्हा एकदा तळापर्यंत चाचपली. मग म्हणाले, "बरं केलंस. तेवढंच वजन वाचलं." मला बरं वाटलं. आपल्या कामाची कुणी कदर केली की कुणालाही वाटतंच.

पुढे मात्र ह्यांची तब्येत बिनसत गेली. खुर्चीतून उठले की भिंत धरायची. मधूनच डोक्यात करंट बसल्यासारखं होतं म्हणायचे. लेकीनं घरातल्या यंत्रावर रक्तदाब पाहिला, तो अगदी ठीक होता. जावईबापू हौसेनं फिरायला न्यायचे, तर हे पहिला बाक दिसला की त्यावर बसून राहायचे. एकदा जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तो पोपटवाल्या गिऱ्हाइकाचा किस्सा सांगा ना तुमच्या जावयांना." हा किस्सा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे आणि तरी सगळे हसतात. ह्यांनी तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलले आणि पुढचं आठवतच नसल्यासारखे थांबले. मग हात धुवायला म्हणून जे उठले ते परत आलेच नाहीत. जाऊन बघते तर न्हाणीघरात नळ नुसता वाहत होता आणि ह्यांचे डोळे लाल.

"साबण गेला," हे म्हणाले.

मी खोलीत नेऊन चांगलं फैलावर घेतलं. लेकीनं एवढ्या हौसेनं बोलावलंय, जावई कामातून वेळ काढून राबतायत, आणि आपण तोंड पाडून बसायचं म्हणजे काय? एरवी माझ्या चार वाक्यांना ह्यांचा एक टोला ठरलेला असतो. तो आला नाही, तशी मी घाबरले. काही झालं तरी गोळी मी काढून ठेवली होती. नसेल पित्त, पण शरीराला सवय झाली असेल, आणि मी ती आपल्या मनानं मोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंना विचारलं, इथे चिठ्ठीशिवाय औषध मिळतं का? ते म्हणाले, "पुष्कळशी मिळतात, कोपऱ्यावरच दुकान आहे. फक्त चिठ्ठी नसली की देण्याआधी उलटतपासणी घेतात." एवढं सांगून ते आणि लेक कामाला गेले.

"फोन दे तुझा," हे म्हणाले. "मीच घेऊन येतो."

आपलं बोलणं तिकडच्या भाषेत करून सांगणारी ती बाई लेकीनं माझ्या फोनात घालून दिली होती. ह्यांचा फोन जुन्या बटणांचा.

"फोन जिथे जाईल तिथे मी," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

दुकान लख्ख होतं, भिंतभर लहान लहान खण. काउंटरमागे पांढऱ्या कोटातली बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. हे मला म्हणाले, "तू जरा बाहेर थांब ना, इथे गर्दी होतेय." दुकानात आम्ही दोघं आणि ती बाई, बाकी चिटपाखरू नाही. मी हलले नाही. तेव्हा ह्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून गोळ्यांची एक रिकामी पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली.

"ही कुठून आली?"

"असते माझ्याकडे. नमुन्याला."

बाईनं चष्मा लावून पट्टी पाहिली, मग ह्यांच्याकडे पाहिलं, आणि मी काउंटरवर ठेवलेल्या फोनात काहीतरी बोलली. फोनातल्या बाईला दबक्या आवाजात बोलणं ठाऊकच नाही. स्टेशनवर गाडीची वेळ सांगावी तशी ती खणखणीत म्हणाली, "हे औषध मनाच्या निराशेसाठी आहे. रुग्ण हे औषध किती काळापासून घेत आहे?"

"चुकून दुसरंच सांगतेय," मी ह्यांना म्हटलं. "पित्त म्हणा. नीट सांगा, पित्त."

हे काउंटरच्या काचेकडे बघत होते. मग फोनवर वाकून हळू म्हणाले, "स्टुडिओ बंद केला तेव्हापासून."

बाई पुढचं विचारत होती. औषध कधी थांबलं? चक्कर येते का? डोक्यात झटके? रडू? हे सगळ्याला हो म्हणत होते. औषध का थांबवलं, असं विचारल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "प्रवासात राहून गेलं," म्हणाले. आणखी कुठली औषधं चालू आहेत त्याचं उत्तर मी दिलं, धडाधड, नाव आणि वेळ धरून. तेवढंच मला येत होतं.

बाईनं एका खणातून खोकं काढलं, पण ते हाताखाली दाबून ठेवलं. फोनातली बाई म्हणाली, "हे औषध अचानक बंद करू नये. मी थोड्या दिवसांपुरतं देते. तुम्ही इथल्या डॉक्टरांना भेटलं पाहिजे. या काळात कोणीतरी तुमच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे. तुमच्या घरी कोणाला माहीत आहे का?"

ह्यांनी मान खाली घातली. कान लाल झाले होते. पोरांना हसवायला डोक्यावर काळा कपडा घेऊन माकडासारखा नाचणारा हा माणूस, चोरी पकडल्यासारखा त्या काचेसमोर उभा होता. मला ते बघवेना. मी फोन माझ्याकडे ओढला आणि बोलायचं बटण दाबलं.

"हो," मी म्हटलं. "बायकोला माहीत आहे."

बाईनं खोकं माझ्या हातात दिलं.

दुकानाबाहेर बाक होता, तिथे बसलो. मला राग आला होता, अगदी खराखुरा. ह्यांचा कुठला सदरा उसवलाय, कुठला मोजा विरलाय हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल, आणि एवढी मोठी गोष्ट माझ्याच कपाटात, माझ्याच कुलपाआड राहत होती. स्टुडिओ बंद केला त्या दिवशी ह्यांनी शेजारचे सगळे दुकानदार ओळीनं उभे केले होते आणि त्यांना खो खो हसवून शेवटचा फोटो काढला होता. किती सहज घेतलं ह्यांनी, असं मी नातेवाइकांना कौतुकानं सांगत सुटले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार?" हे म्हणाले. "माणसं आपल्याकडे हसायला येतात. तूसुद्धा मला होकार दिलास तो हसत हसतच. आता तो माणूस गोळी खाऊन हसवतो, हे तुला कसं सांगायचं? तुला सगळंच खोटं वाटलं असतं."

"मी गुडघ्याची गोळी खाऊन चालते. मग माझं चालणं खोटं का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसतील असं वाटलं, पण ओठ वाकडे झाले आणि डोळे वाहायला लागले. येणारेजाणारे बघत होते. एरवी मी म्हटलं असतं, अहो, लोक काय म्हणतील. आज माझा रुमाल दिला आणि ह्यांना चिकटून बसले. डबी माझ्यामुळे राहिली हे त्या बाईला ह्यांनी सांगितलं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"मॅनेजरची तक्रार बाहेर करत नसतात," हे नाक पुसत म्हणाले. कितीतरी दिवसांनी ह्यांचा टोला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी आणि पाण्याचा पेला ह्यांच्यापुढे ठेवला. लेक चहा घेऊन आली, तिची नजर गोळीवर गेली.

"कसली गोळी हो, बाबा?"

"पित्ताची," मी ताबडतोब म्हटलं.

"पित्त? आई, इथे तर तूच रोज म्हणतेस की जेवणाला चव नाही."

मी पुढची थाप जुळवत होते. ह्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, पेला सावकाश खाली ठेवला.

"पित्ताची नाही गं," हे म्हणाले. "तुझी आई मला सांभाळून घेतेय. तू बस जरा, तुला सांगायचंय."

लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून ह्यांच्या शेजारी बसली. बापलेकींना बोलू द्यावं म्हणून मी चहाचं निमित्त करून उठायला लागले, पण ह्यांनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरून ठेवला. मी परत बसले.