वाचनालयाच्या छताचे फोटो

ताई कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तिची तीस वर्षं गेली, आणि केसाएवढी चीर ओळखायची नजर त्याच कामातून आली. फोटोंचा नाद मात्र पन्नाशीनंतरचा.

धाकटा भाऊ जुन्या वाचनालयाच्या इमारतीची देखभाल पाहायचा. सुट्टीच्या दिवशी तो दार उघडून द्यायचा, आणि ताई तिवई मांडून दीडशे वर्षांच्या त्या दालनाचे फोटो काढत बसायची. छताला आतून चुन्यात घडवलेली फुलं होती, तीच तिची खास आवडीची. तो टेबलाला टेकून चेष्टा करायचा, "ताई, इमारत पळून जात नाहीये. सावकाश काढ."

एका संध्याकाळी तिने सहा महिन्यांतले फोटो संगणकावर शेजारी शेजारी लावले. सगळे एकाच जागेवरून काढलेले. पहिल्या फोटोत खिडकीजवळच्या फुलाला एक बारीक रेघ होती. शेवटच्या फोटोत तीच रेघ चार फुलं ओलांडून दालनाच्या मध्यावर आली होती, आणि एक पाकळी गायब होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने भावाचं घर गाठलं. त्याने फोटो पाहिले, परत पाहिले.

"उजेडाचा फरक असेल."

"उजेडाने पाकळी पडत नाही. वर माळ्यावर चढून पाहिलंस कधी?"

तो चष्मा पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "दोन वर्षं झाली. गुडघे साथ देत नाहीत. अहवालात 'छत ठीक' असं लिहून देत आलोय." तो पुढे म्हणाला, "ताई, मला आठवडा दे. ओळखीचा गवंडी आणतो, गुपचूप उरकून घेतो. हे बाहेर गेलं तर मी संपलो."

लहानपणी त्याच्या कितीतरी चुका तिने पोटात घातल्या होत्या. आताही तिच्या तोंडून "बरं" निघून गेलं.

पण घरी तिला चैन पडेना. बुधवारी त्या दालनात शाळेची साठ मुलं वाचायला बसतात, हे तिला माहीत होतं. सोमवारी ती कामावरून परस्पर वाचनालयात गेली. खिडकीजवळच्या टेबलावर पांढरी पूड पडली होती आणि शिपाई ती फडक्याने पुसत होता. "रोजचंच आहे हो," तो म्हणाला, "आधी जरा कमी असायची."

भावाला फोन लावला. गवंडी शुक्रवारी येणार होता.

"मग तोवर दालन बंद ठेव," ती म्हणाली.

"काय कारण सांगू?"

तिने फोन ठेवला आणि ग्रंथपाल बाईंच्या खोलीत जाऊन सगळे फोटो तारखांसकट पुढे ठेवले. छताची पाहणी कोण करतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा ताईने भावाचं नाव सांगितलं. आपलं नातंही सांगितलं.

तासाभरात दालनाला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी माणसं माळ्यावर चढली. कौलातून झिरपलेल्या पाण्याने दोन तुळया पार कुजल्या होत्या. एकीत तर हाताने दाबलं तरी बोट रुतत होतं. बुधवारी मुलं आली नाहीत.

चौकशीत ताईच्या फोटोंच्या प्रती मागवल्या गेल्या. त्यांतल्या एकात भाऊ नेमका त्या रेघेखाली उभा होता, तिला उजेड मिळावा म्हणून दिवा उंच धरून, हसत. तो फोटो बाजूला काढावा, असं तिच्या मनात आलं. दोन दिवस तो तिने ड्रॉवरमध्ये ठेवलाही. मग बाकीच्यांबरोबर तोही दिला.

भावाची बदली तळघरातल्या कागदपत्रांच्या खोलीत झाली आणि पगारवाढ थांबली. महिनाभर त्याने फोन उचलला नाही. शेवटी ताईच त्याच्याकडे गेली. त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला.

"आठवडाच मागितला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू माझ्याशी तरी बोलायचं होतंस, त्यांच्याकडे जाण्याआधी."

"बोलले होते. तू कारण विचारत बसलास."

भावजयीने पाणी आणून ठेवलं. ताई अर्धा तास बसली. गुडघ्याचं कसं काय, असं तिने विचारलं, त्याने "आहे तसंच" म्हटलं. ती निघाली तेव्हा तो उठला नाही, फाटकापर्यंत भावजयच आली.