तबकडीवर रंगाचा शेवटचा हात

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. अस्सल की नकली, हे मात्र मला विचारू नका, कारण तेच माझे दुखणे आहे. आधी माझी हकिगत ऐका आणि मग काय ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म दूरच्या एका सरकारी कारखान्यात झाला. पांढरी तबकडी, काळे ठसठशीत आकडे, दोन निळे काटे आणि सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत न थकणारे यंत्र, एवढाच माझा थाट. रोह्याच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात मी काचेआड बसून होते. एका मुलीच्या वडिलांनी मला तिथून उचलले आणि लग्नात जावयाच्या मनगटावर बांधले. जावयाचे नाव दत्तात्रेय. ते पेणजवळच्या खाडीकाठी मिठागरात कामाला होते.

मिठागरात भरतीचे पाणी घ्यायचे तर बांधाचा छोटा दरवाजा, म्हणजे उघाडी, वेळेवर उघडावी लागते. ते काम दत्तात्रेयांकडे होते आणि ते माझ्या भरवशावर चालत असे. "दत्तूकाका, किती वाजलं?" अशी लांबून कुणाची हाक आली की मी मनातल्या मनात फुशारून जाई. एकदा उघाडीची फळी निसटली. ती धरताना त्यांचा हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात गेला आणि पाणी माझ्या काचेखाली शिरले. पेणच्या दुरुस्तीवाल्याने मला वाळवून पुन्हा चालते केले, पण चारच्या आकड्याजवळ भाताच्या दाण्याएवढा तपकिरी डाग राहिला. मला त्याची फार लाज वाटायची. दत्तात्रेय मात्र म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. खाडीवर काम केल्याची खूण हाय ती."

दत्तात्रेय गेले आणि मी पोरके झाले. रोह्याला राहणारा त्यांचा मुलगा जितेश म्हणाला, "माझं घड्याळ पावलंपण मोजतं. हे घेऊन मी काय करू?" मग मी त्यांच्या मुलीकडे, मृणालीकडे आले. मृणाली जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. तिच्या हातांना दिवसभर माती आणि रंग. ते हात मला कुठून चावी देणार? तिने मला आपल्या जागेजवळच्या खिळ्याला अडकवले. समोर शेकडो गणपती डोळे उघडत होते आणि मी मात्र बंद पडून होते. तुमच्याकडे कुणी वर्षानुवर्षे नुसते बघितले आणि काहीच विचारले नाही, तर तुम्हाला कसे वाटेल?

अशातच एके दिवशी प्रणित घरची मूर्ती ठरवायला आला. डोलवीच्या कंपनीत नोकरी करणारा हा पेणचा तरुण. जुनी घड्याळे जमवण्याचा नाद त्याला नुकताच लागला होता आणि सुरुवातीलाच तो पोळला होता. त्याने घेतलेल्या पहिल्या घड्याळाची तबकडी एकाची होती, यंत्र दुसऱ्याचे आणि काटे तिसऱ्याचे. त्यामुळे आता तो ताकसुद्धा फुंकून पिणाऱ्यांपैकी झाला होता. त्याने मला खिळ्यावरून काढले, पाठ बघितली, चावी फिरवून कानाला लावले. मी लगेच चालू झाले. किती दिवसांनी कुणीतरी माझा आवाज ऐकला.

"ताई, हे विकणार का?"

मृणालीने कुंचला खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या बापाचं हाय. हितं नुसतं गंजतंय. कोण रोज चावी देणार असंल तर घेऊन जा."

त्याने माझा फोटो काढला आणि जाणत्या मित्रांना विचारून रविवारी येतो म्हणाला. मित्रांनी त्याला चांगलाच सल्ला दिला, हे पुढे मी त्याच्याच तोंडून ऐकले. ते म्हणाले होते, 'डागाला घाबरू नकोस. एवढ्या वर्षांच्या घड्याळाचा चेहरा कोरा करकरीत दिसला, तरच सावध हो.'

आता जोह्याची एक रीत सांगते. तिथे मूर्ती गिऱ्हाइकाला देण्याआधी तिच्यावरून नजर फिरवतात. कुठे टवका उडालेला असला, रंग विटलेला असला, तर तिथे रंगाचा शेवटचा हात मारतात. डागाची वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती देणे म्हणजे त्याचा मान न राखणे. मृणालीने माझ्या बाबतीतही तेच केले. सुरीच्या टोकाने काचेची कडा उचकटली, चावी ओढून काटे बाजूला सरकवले आणि डोळे आखायच्या बारीक कुंचल्याने माझी तबकडी पांढरी केली. ती वाळल्यावर एकेक आकडा काळ्या रंगात जसाच्या तसा काढला. चारचा आकडा काढताना तिचे डोळे भरून आले होते. खोटे कशाला बोलू, मला ते सगळे फार आवडले. तो डाग गेला म्हणून मी खूश होते. शेजारी बसणारी सोनी म्हणाली, "काय गो, नवंच दिसतंय की!"

रविवारी प्रणित आला. त्याने मला हातात घेतले आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, हे ते घड्याळ नाही."

"तेच हाय दादा. दुसरं कुठनं आणू?"

त्याने फोनवरचा फोटो पुढे धरला. "हा बघा डाग. यावर आहे कुठे? आकड्यांचा रंग जाड आहे, कडा सरळ नाहीत. हे हाताने रंगवलेलं आहे. मी यात नवीन असलो तरी एवढं कळतं मला."

"व्हय, रंगवलंय. मीच तर..."

"म्हणजे खरं घड्याळ ठेवून घेतलंत आणि मला हे देताय."

आजूबाजूचे कुंचले थांबले. मृणालीच्या कामात आजवर कुणी चूक काढली असेल, पण तिला लबाड कुणी म्हटले नव्हते. ती हळू आवाजात म्हणाली, "बापाची वस्तू हाय ही. त्याच्या नावानं मी खोटं बोलंन?"

"असं सगळेच म्हणतात, ताई."

माझी पाठ उघडा, आतले यंत्र बघा, तिथे कुणी रंग लावलेला नाही, असे मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण टिकटिक करण्यापलीकडे मला काय येते? आणि प्रणितचे तरी पुरते चुकले होते असे नाही. माझा चेहरा खरोखरच नवा होता. हाताने दिलेला रंग त्याने बरोबर ओळखला होता. फक्त बाईला ओळखायला तो चुकला.

मृणालीने माझी काच पुन्हा काढली. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि माझ्या तबकडीवर दाबून फिरवला. प्रणितच्या लक्षात आले तेव्हा तो पुढे झाला. "ताई, नका. खालचं पण जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली.

वरचा रंग निघाला. त्याच्याबरोबर खालचे, कारखान्यात छापलेले माझे खरे आकडेही निघाले. तबकडीच्या पत्र्यात मुरलेला तो डाग मात्र निघाला नाही. मृणालीने मला त्याच्या फोनशेजारी ठेवले. फोटोतला डाग आणि माझा डाग सारखाच होता.

प्रणित म्हणाला, "माझं चुकलं, ताई. हे तुमच्याकडेच राहू दे."

"नको. घेऊन जा. मला आता ते बघवणार नाय." तिने तोंड फिरवले. पुढे प्रणित मूर्ती न्यायला गेला तेव्हा सोनी सांगत होती की त्या दिवशी मृणालीने पुन्हा कुंचला हातात धरला नाही.

आता मी प्रणितच्या मनगटावर असते. तो रोज न चुकता चावी देतो. माझ्यावर आकडे नाहीत, म्हणून अंदाजाने वेळ बघतो. कंपनीत त्याचे सोबती हसतात. ज्या जाणत्या मित्रांना त्याने माझा फोटो दाखवला होता, तेही मला बघून म्हणाले, "हे ते नव्हेच. पुन्हा फसलास तू." तो सांगतो, "तेच आहे. माझ्यासमोर पुसलंय." त्यावर ते एकमेकांकडे बघतात. तेव्हा त्याचा चेहरा अगदी त्या रविवारच्या मृणालीसारखा होतो.

मित्रांनो, जुनी वस्तू कुणाला द्यायची झाली तर तिला सजवू नका, आहे तशी द्या. आणि घ्यायची झाली तर जरूर पारखून घ्या. आकड्यांची धार बघा, पाठ बघा, यंत्र उघडून बघा. पण तुम्ही नवखे असाल तर देणाऱ्याला आधी एवढे विचारा, 'याला काय काय केलंय?' आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मृणाली ते उत्तरच देत होती. तिचे वाक्य पुरे होईपर्यंत कुणी थांबले असते, तर माझे आकडे वाचले असते.