चौकटीबाहेरची ओळ

नागपूरची प्रणिता बौद्ध आहे एवढं कळलं आणि तिचे अमेरिकेतले गाइड प्रोफेसर हॅल्विग यांनी थाई लोकांचं काम तिच्या गळ्यात मारलं. बौद्ध म्हणजे थाई येणारच, असा त्यांचा हिशेब. आता बोला! शेवटी गुडघेदुखीच्या इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर एका थाई नर्सने केलं. न्यू जर्सीतल्या थाई विहारात चाळीस म्हाताऱ्यांकडून ती भरून घ्यायची आणि थाईतही ती नीट चालते हे सिद्ध करायचं, हा प्रणिताचा थिसिस. शहाण्णवच्या मे महिन्यात सही मिळाली तर डिग्री, नाहीतर स्कॉलरशिप बंद.

फॉर्ममध्ये खुर्ची, गाडी, जिना, पलंग सगळं होतं. जमिनीचं नाव नाही! आणि ही माणसं उठता-बसता जमिनीवर. एकतीस जणांनी समासात पेन्सिलीने एकच गोष्ट लिहिली होती. नर्सने वाचून दाखवली : ‘भन्तेंपुढे गुडघे टेकता येत नाहीत.’

प्रणिताला आई आठवली. गुडघे टेकेनात म्हणून नागपूरच्या विहारात तिला पहिल्यांदा मागे खुर्ची दिली, त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती.

तिने गुडघे टेकण्याचा प्रश्न वाढवला आणि प्रोफेसरांपुढे ठेवला. ते हसले. म्हणाले, “जगभर चाललेला फॉर्म आहे. हात लावायचा नाही. समासात लिहिलेले फॉर्म बाद.”

“सर, मग नऊच उरतात.”

“दुसरी माणसं आण.”

“म्हणजे ज्यांचे गुडघे खरंच गेलेत, ते बाद? मी एकही फॉर्म टाकणार नाही.”

“मग मेमध्ये सही नाही.”

“नको तुमची सही!” तोंडातून गेलं खरं. बाहेर आल्यावरही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. डिसेंबरपर्यंत पोटासाठी लायब्ररीत पुस्तकं लावीन, दुसरा गाइड शोधीन, पण हे नाही.

रविवारी ती नवा फॉर्म घेऊन विहारात गेली. नर्सने सहीचं सगळं तिथे आधीच सांगून टाकलं होतं. सत्तरीच्या बुनमीआजी खुर्चीतून कशाबशा उठल्या, खोडरबर काढलं आणि नर्समार्फत म्हणाल्या, “आमच्यामुळे पोरीचं अडलं. आण ते जुने कागद. पुसून टाकतो आम्ही. काही दुखत नाही म्हणून लिहितो.”

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. काय माणसं ही! दुसऱ्याची अडचण नको म्हणून स्वतःचं दुखणं पुसायला निघालेली.

प्रणिताने खोडरबर त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि सरळ स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

“आजी, माझं अडू द्या. तुम्ही खोटं लिहायचं नाही.”

नर्सने सांगितलं. बुनमीआजींनी नवा फॉर्म ओढून घेतला, गुडघे टेकण्याच्या प्रश्नापुढे ‘अजिबात जमत नाही’वर खूण केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, थाईत, पहिल्यांदाच म्हणाल्या, “दुखतं. फार दुखतं.”