तीनशे ग्रॅमचे कार्ड

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे आणि जाड कार्डावर छापणे हे माझे काम आहे. 'आहे' म्हणतो खरा, पण गेल्या पाच महिन्यांत मी मोजून दोन कार्डे छापली. एरवी माझ्यावर निळे कापड असते आणि कापडाखाली मी असतो.

माझ्या जन्माची एकच आठवण आहे. कारखान्यातल्या लांब टेबलावर माझ्यासारखे कितीतरी ओळीने ठेवले होते. तपासणीला बसलेल्या एका बाईने माझी मागची झडप उघडली आणि पुढून जाड कार्ड आत सरकवले. ते न वाकता, सरळ मागून बाहेर पडले. तिने छापलेली अक्षरे अंगठ्याने घासून पाहिली, मान हलवली आणि मला खोक्यात घातले. पुन्हा उजेड दिसला तो अण्णांच्या छापखान्यात.

छापखाना दोन खोल्यांचा. बाहेर काचेचे काउंटर, आत कागदाचे गठ्ठे. अण्णा मालक, आणि शिस्तीला कडक. काउंटरच्या खिळ्याला त्यांनी कागदाच्या नमुन्यांचा जुडगा दोरीने टांगला होता. "आधी हात लावा, मग बोला," असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. छापखान्यात कागदाची जाडी वजनावर सांगतात. एक मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद कागदाचे वजन जितके ग्रॅम, तितका तो कागद. तुमच्या वहीचे पान साठ-सत्तर ग्रॅमचे असेल. आमंत्रणाचे कार्ड अडीचशेच्या आसपास. त्याहून जाड कागद वाकायला तयार नसतो आणि बहुतेक यंत्रे कागदाला वाकवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. माझी वाट सरळ होती, म्हणून मला मान होता. "हा आहे तोवर काळजी नाही," असे अण्णा चारचौघांत म्हणत. अकरा वर्षे मी ते ऐकले.

अण्णांचा आणखी एक नियम होता. कोणत्याही कामाची पहिली प्रत चाचणीची. ती अंगठ्याने घासायची, शाई निघाली नाही तरच पुढचे छापायचे. काम गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत ती प्रत माझ्या डोक्यावर ठेवायची आणि मग रद्दीत टाकायची.

साडेतीन वर्षांपूर्वी रंगीत यंत्र आले. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, इथे ती काही ओसरली नाही. अण्णांच्या सूनबाई ते यंत्र सफाईने चालवू लागल्या. मला आतल्या खोलीत, मोडक्या पायाच्या स्टुलाशेजारी हलवले. पहिल्या आठवड्यात माझ्यावर एक फाइल आली. वर्षाअखेर सतरा झाल्या. बाहेरच्या यंत्राची घरघर मला दिवसभर ऐकू येई. दार अर्धे उघडे असे, त्यातून काउंटरची कड आणि तो नमुन्यांचा जुडगा दिसे. माणसे येत, बोलत, जात. माझ्याकडे येणारे पाऊल कागदाच्या गठ्ठ्यापाशीच थांबे. रबराचे रोलर वापराविना कडक होतात, हे मला तेव्हा कळले.

एका शनिवारी सकाळी एक शिक्षिका आली. आठवड्यापूर्वी तिने इथूनच कार्डे छापून नेली होती. तिचे वडील शिंपी होते. आजारपणात त्यांची वाचा गेली आणि उजवा हातही. त्यांनी कार्ड उचलून दाखवावे आणि समोरच्याने ओळखावे, अशी तिची योजना होती. एकेका कार्डावर एक चित्र आणि एक शब्द: पाणी, औषध, खिडकी, दुखतंय, जवळ बस.

"अहो, ही त्यांना उचलताच येत नाहीत," तिने कार्डे काउंटरवर टाकली. "टेबलाला चिकटल्यासारखी बसतात. डाव्या हाताचं नख घालून बघतात, बघतात, आणि मग..."

"मग?" सूनबाईंनी विचारले.

"मग भिंतीकडे तोंड करतात. कालपासून कार्डांकडे बघतसुद्धा नाहीत. सोमवारी माझी रजा संपते. मदतनीस बाई नवीन आहेत. मला डोळ्यांवरून तरी कळतं, त्यांना काय कळणार?"

ती कार्डे दीडशे ग्रॅमची होती. सूनबाई म्हणाल्या, "दोनशे वीसची देऊ का? या मशीनला त्याच्यापुढचं झेपत नाही."

अण्णा खुर्चीतून उठले. "तू नि मी ठरवून काय उपयोग? उचलणारा हात त्यांचा. बाई, वडिलांना घेऊन या."

तासाभराने ती त्यांना आधार देत घेऊन आली. अण्णांनी जुडग्याची दोरी सोडली, नमुने आकड्याची बाजू खाली करून काचेवर मांडले आणि बाजूला झाले. म्हाताऱ्या शिंप्याने डावा हात पुढे केला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तो कागद पारखू लागला, जणू कापडाचा पोत बघत होता. पहिला नमुना त्याने ढकलून दिला. दुसऱ्याची कड हाताला लागली, पण निसटली. तिसरा उचलला, तो बोटांत वाकला, त्याने तो खाली ठेवला. चौथा एका झटक्यात उचलला आणि त्याची कड काचेवर आपटली. टक्क.

अण्णांनी तो उलटून पाहिला. "तीनशे! शिंपीबुवा, चाळीस वर्षं कागदात घातली मी, अजून आकडा बघावा लागतो मला." म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा हसू शकत नव्हता.

सूनबाईंनी नव्या यंत्रात तीनशेचे कार्ड घालून पाहिले. त्याच्या पोटात कागदाला उलटे वळण घ्यावे लागते. कार्ड वळणावर अडकले. ओढून काढले तेव्हा 'पाणी' या शब्दावर आडवी पांढरी चीर पडली होती.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "आतल्या म्हाताऱ्याला बाहेर काढ."

"कोणाला?"

"अगं, फायली उतरव, दिसेल."

मित्रांनो, मी तीन वर्षांनी बाहेरच्या खोलीत आलो. सूनबाईंनी माझ्यावरची धूळ पुसली तशी त्यांना शिंक आली. "पण अण्णा, याला रंग कुठे येतो? नुसतं काळं."

"चालेल," शिक्षिका म्हणाली. "बाबांनी जन्मभर खडूच्या रेघेवर कापलंय. रेघ दिसली की पुरे."

पहिले कार्ड आत घेताना माझा रोलर घसरला. दुसऱ्यांदाही घसरला. मला अतिशय लाज वाटली. सूनबाईंनी ओलसर फडक्याने रोलर पुसला, मग कार्ड आत आले आणि मागून बाहेर पडले. अण्णांनी अंगठा फिरवला. अख्खा शब्द अंगठ्यावर आला.

शिक्षिकेचा चेहरा उतरला. "म्हणजे यालाही जमणार नाही?"

अण्णांनी काळा अंगठा सूनबाईंसमोर धरला. "कागद कुठला म्हणून सांगितलंस त्याला?"

"नेहमीचाच... अय्या!"

"मग बरोबर. त्याला वाटलं, वहीचं पान आहे. सुटला धावत."

चूक साधी होती. जाड कार्ड तापायला वेळ लागतो. कागद जाड आहे असे सांगितले तर मी संथ चालतो, आणि मग शाईची भुकटी वितळून कार्डात मुरते. न सांगता मला कसे कळावे? सूनबाईंनी संगणकावर कागदाची नोंद बदलली. पुढची प्रत अण्णांनी घासली, मग शिंप्याने त्याच्या बोटांनी घासली. काही निघाले नाही.

चाळीस कार्डे होती. सूनबाईंनी ती एकेक करून हाताने सरकवली. शिंपी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. मध्येच त्याने माझ्या तापलेल्या अंगावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तीन वर्षांत मला कोणी असा हात लावला नव्हता. अण्णांनी कार्डांचे कोपरे गोल कापले आणि ती काचेवर पसरून मांडली. "बघा बरं, जमतंय का."

शिंप्याने कार्डांवरून नजर फिरवली, एक उचलले आणि मुलीसमोर धरले. त्यावर लिहिले होते: घरी चल.

"घ्या!" अण्णा मोठ्याने हसले. "पहिलाच निरोप, आणि तोही आमच्या दुकानाचा कंटाळा आल्याचा!" शिक्षिका हसता हसता रडू लागली.

सोमवारी ती शाळेत जाताना थांबली. सूनबाईंच्या हातात तिने निळ्या कापडाचा तुकडा दिला. "बाबांच्या दुकानातलं उरलेलं आहे. त्या मशीनवर घाला, धूळ बसायला नको." मला आतल्या खोलीत नेले, कापड घातले. त्यात प्रेम होते, हे मला कळते. पण फायली होत्या तेव्हा निदान दार दिसत होते. पाच महिने मी फक्त ऐकले.

गेल्या आठवड्यात तिचा आवाज ऐकू आला. "एकच कार्ड हवंय. हे झिजलंय."

कापड उचलले गेले. सूनबाईंच्या हातात 'जवळ बस' होते. कडा मऊ झालेल्या, कागदाचे पदर सुटलेले.

"बाकीची?" सूनबाईंनी विचारले.

"बाकीची कोरी करकरीत. मदतनीस बाई सांगतात, पाणी, औषध त्या न मागताच देतात. बाबा हेच दाखवत राहतात दिवसभर. संध्याकाळी मला दाखवतात. मी म्हणते, थांबा बाबा, एवढ्या वह्या तपासते." तिने सूनबाईंच्या हातातल्या कार्डाची सुटलेली कड दाबून बसवली. "जाडच द्या हं. तीनशेचं."

सूनबाईंनी या वेळी कागद कोणता ते न विसरता सांगितला. चाचणीची एक प्रत निघाली, त्यांनी ती घासून माझ्या डोक्यावर ठेवली. दुसरी शिक्षिकेने पिशवीत न घालता हातातच धरली आणि ती घाईने निघून गेली.

मित्रांनो, जाड कार्डावर छापायचे असेल तर यंत्राच्या अंगावर लिहिलेला ग्रॅमचा आकडा आधी वाचा. कागदाची वाट सरळ आहे का, ते बघा. कागद कोणता ते यंत्राला सांगा. आणि जुने यंत्र घरात असेल तर महिन्यातून एकदा तरी ते चालवा, मग छापायला काही नसले तरी चालेल. वापराने यंत्र झिजते, पण नुसते ठेवल्याने ते कडक होते, आणि मग वेळेला घसरते.

गिऱ्हाईक गेले की चाचणीची प्रत रद्दीत टाकायची, हा अण्णांचा नियम. त्या दिवशी सूनबाईंनी ती उचलली, वाचली, आणि पुन्हा माझ्यावर ठेवून वरून कापड ओढले. ती अजून इथेच आहे. तिच्यावर काय लिहिले आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.